मधूनच येणारा आवाज

वाचन : यहोशवा, अध्याय २२, वचने १० ते ३४.



रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश हे आपल्या वतनास परत जात असता त्यांनी यार्देनेच्या काठी एक वेदी बांधली, हे वृत्त आपण सर्वांनी वाचले आहे. ती वेदी दिसण्यास फार मोठी होती. बाकीच्या वंशांच्या कानी ही गोष्ट गेली, आणि कानी गेली एवढ्यानेच ते लढाई करण्याकरिता शिलो येथे जमा झाले. येथपर्यंतची गोष्ट आपल्या गावोगाव दर आठवड्यास घडत असते. तिच्यात नवल ते काय? नवल आहे ते पुढे. शस्त्रे हाती असता त्यांनी आधी माणसे पाठविली : एलाजार याजकाचा पुत्र फिनहास व त्याच्याबरोबर दहा सरदार. फिनहास म्हणजे तोच, ज्याने गणना २५ व्या अध्यायात भाला घेतला व क्षणाचाही विलंब केला नाही. त्याच माणसास या वेळी विचारपूस करण्याकरिता पाठविले. त्याने गिलादास जाऊन कडक शब्दांत आरोप केला, हे खरे. परंतु आरोप करून तो तसाच माघारी फिरला नाही, उत्तर ऐकण्यास उभा राहिला. आणि उत्तर असे निघाले की, जिच्यावरून भावाभावांत रक्त सांडणार होते, ती वेदी होमयज्ञाकरिता नव्हतीच. पुढील पिढ्यांस साक्ष राहावी म्हणून ती बांधिली होती.

या भागावर आम्ही आजवर पुष्कळ वेळा बोललो आहो. तथापि त्याचा खरा अर्थ आम्हांस गतवर्षी आमच्या मोटारसायकलीने शिकविला, आणि तोही आमची मान खाली घालावयास लावून. ती हकीकत आम्ही येथे लपवून न ठेविता लिहितो. कारण वाचकांपैकी कितीतरी उपदेशक बंधु आज मोटारसायकलीवरच वाड्यावस्त्या हिंडतात, आणि त्यांच्यावरही हा प्रसंग केव्हा तरी यावयाचाच.

आमची गाडी १०० सी.सी.ची, जुन्या घडणीची, म्हणजे जिच्या चाकांत सायकलीसारख्या तारा असतात अशी आहे. आमच्याकडे सहा वाड्या आहेत. रस्ता कोठे डांबरी, कोठे मुरुमाचा, आणि एके ठिकाणी ओढ्याच्या फरशीवरून जातो. दिवाळीच्या सुमारास गाडीतून एक आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. मग काही नाही. दोन दिवस पुरते निमूट. तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्, टक्. कधी अवकाळी पावसात गाडी भिजली की तो आवाज अजिबात बंद होई, आणि आम्ही मनात म्हणू की, चला, गेला एकदाचा. ऊन पडून चाके सुकली की तो परत हजर!

जो आवाज सतत येतो तो बरा. तो घेऊन मिस्त्रीकडे जावे, त्याने ऐकावे, आणि काय ते सांगावे. जो मधूनच येतो तो माणसाच्या स्वभावाची परीक्षा पाहतो. तो मिस्त्रीच्या दारात हटकून गप्प बसतो. मग मिस्त्री आपणाकडे अशा दृष्टीने पाहतो, जसे काही आपल्या कानांतच बिघाड आहे. अशा वेळी माणूस कारण शोधीत नाही, तो अपराधी शोधू लागतो. आम्हीही तेच केले.

दिवाळीच्या तीन आठवडे आधी आम्ही गाडीची चेन व तिची दोन्ही स्प्रॉकेटे नवी बसवून घेतली होती. ती बसविणारा मुलगा आमच्याच मंडळीतील एका विधवा भगिनीचा. तालुक्याच्या गावी दोन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम शिकून त्याने एस.टी.च्या थांब्यापाशी पत्र्याची लहानशी शेड घातली होती. तिच्याकरिता आईने बचत गटातून कर्ज काढिले होते. चेन बसली, आणि मग आवाज आला. आणखी पुरावा तो कशाला पाहिजे? एका रविवारी उपासना आटोपून चहा चालला असता कोणी तरी सहज विचारले, 'गाडी आता कशी आहे?' आम्ही तितक्याच सहज म्हणालो, 'नवी चेन घातल्यापासून टकटकते. पोराच्या हातचे काम खात्रीचे नाही.'

बंधूंनो, हे वाक्य उच्चारण्यास फार तर पाच सेकंद लागले असतील. आम्ही कपबशी खाली ठेविली व ते विसरूनही गेलो. ते दुसऱ्यांच्या स्मरणात राहिले. उपदेशकाचे बोलणे खेड्यात किती दूर जाते याची आठवण आम्हांस उपदेशाच्या वेळी असते, चहाच्या वेळी नसते. महिन्याभरात आमच्या मंडळीतील पाचसहा घरांच्या गाड्या त्या शेडीवरून पुढे तालुक्याला जाऊ लागल्या.

आमचीही गेली. तालुक्याच्या पहिल्या मिस्त्रीने गाडी एकट्याने बाजारपेठेतून फिरवून आणिली आणि म्हणाला, 'आवाज नाही.' आम्ही आग्रह धरिल्यावर त्याने मागच्या चाकाच्या हबातील रबरे बदलिली. दुसऱ्याने टॅपेट जुळविले व आतल्या टायमिंग चेनचा ताण पाहिला. दोघांचे मिळून २३०० रुपये झाले. त्या दोघांसही आम्ही दोष देत नाही. ज्यास आवाज ऐकूच आला नाही तो बिचारा अंदाजानेच काही तरी बदलणार. आणि आम्ही त्यांस आवाजाची माहिती काय दिली, तर 'टक् टक् वाजते', एवढीच.

आमच्या घरी मात्र एक साक्षीदार होता, ज्यास आम्ही विचारलेच नव्हते. आमची पत्नी बायबल-वर्गाकरिता आठवड्यातून दोनदा आमच्या मागे बसून वस्तीवर येते. ती प्रारंभापासून म्हणत असे, 'अहो, आवाज माझ्या पायाखाली येतो, इंजिनात नाही.' आम्ही म्हणत असू, 'तुला गाडीतले काय कळते?' एका शनिवारी आम्ही वर लिहिलेल्या यहोशवाच्या अध्यायावर दुसऱ्या दिवसाकरिता टिपण करीत बसलो होतो. ती धान्य निवडीत होती. आम्ही तिला वाचून दाखविले की, फिनहास लढण्यापूर्वी विचारावयास गेला. ती सुपावरची नजर न काढिता म्हणाली, 'आणि तुम्ही त्या पोराला एकदा तरी विचारलेत का?'

त्या दिवशी टिपण पुरे झाले नाही. सायंकाळी गाडी घेऊन आम्ही उभयता त्या शेडीवर गेलो.

आम्ही काय बोललो याची नेटकी आठवण नाही. फार चांगले बोललो नसू. मुलगा काही वेळ गप्प राहिला. आम्ही काय म्हटले होते हे त्यास ठाऊक होते हे त्याच्या तोंडावरून दिसत होते. मग त्याने हात पुसले आणि पाना हाती न घेता विचारावयास सुरुवात केली. 'काका, आवाज येतो तेव्हा मागे कोण बसलेले असते? इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? रेस सोडली की थांबतो का? क्लच दाबला तर? ब्रेक मारताना बदलतो का? गाडीच्या वेगाबरोबर भरभर होतो, की इंजिनाच्या? आणि तो मोजता येतो का?'

आम्हांस एकाही प्रश्नाचे उत्तर नीट देता आले नाही. दोन महिने आम्ही तो आवाज ऐकत होतो. लक्ष मात्र एकदाही दिले नव्हते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पत्नीने दिले : 'मी बसते तेव्हाच येतो.' यावर मुलगा हसला. 'मग तालुक्याच्या फिटरला कसा ऐकू येणार? तो एकटाच बसून गेला असेल.'

हे प्रश्न त्याने का विचारले, हे आम्ही त्याजकडून मागाहून समजून घेतले. ते येथे सविस्तर देतो. ते कंटाळवाणे वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. परंतु ज्या सेवकाची वाट एकटी व रात्रीची आहे, त्याने हे जरूर वाचावे.

पहिली फोड ही की, आवाज इंजिनाच्या फिरण्याशी बांधलेला आहे की चाकाच्या. सपाट, मोकळ्या रस्त्यावर जात असता क्षणभर क्लच दाबून रेस सोडावी. इंजिनाचा वेग उतरतो, चाक मात्र पूर्वीप्रमाणेच फिरत राहते. आवाज इंजिनाबरोबर मंदावला, तर इंजिनाकडे पाहावे. तसाच चालू राहिला, तर चाके, ब्रेक व चेन यांकडे. (हा प्रयोग घाटात करू नये, उतारावर गाडी मोकळी सोडणे हे प्राणावर बेतणारे आहे.) गाडी उभी करून रेस दिली असता तोच आवाज आला, तर चाकाचा काही संबंध नाही हे उघडच झाले.

दुसरी फोड मोजण्याची आहे, आणि ती आम्हांस फारच मनोरंजक वाटली. इंजिन नुसते चालू ठेविले असताही ते मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २३. टॅपेट दर दोन फेऱ्यांस एकदा वाजते, म्हणून ते सेकंदाला सुमारे १२ वेळा टिकटिकते. रस्त्यावर चालत असता तर याच्या दुप्पट-तिप्पट. माणसाच्या कानास ते टिकटिक असे सुटे न लागता किरकिरीसारखे सलग लागते. उलट, गाडीचे चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर जाते. माणूस चालतो त्या गतीने गाडी ढकलली, तर चाकाचा फेरा पुरा होण्यास दीड-दोन सेकंद लागतात. म्हणून सावकाश चालत असता जी टकटक एक, दोन, तीन अशी मोजता येते, ती इंजिनाची असणे जवळजवळ शक्य नाही. आमचा आवाज मोजता येत होता. म्हणजे टॅपेटावर घातलेला पैसा व्यर्थ होता, हे नुसत्या अंकगणिताने आम्हांस घरी बसल्या कळले असते. ताशी ४० किलोमीटरच्या वेगात हेच चाक सेकंदाला जवळजवळ ६ फेरे घेते, आणि त्या गडबडीत व वाऱ्यात अशी टकटक बुडून जाते. आम्ही समजत होतो की, वेगात आवाज 'बंद होतो'. तो बंद होत नव्हता, आम्हांस ऐकू येत नव्हता एवढेच.

बाकीच्या प्रश्नांची कारणेही थोडक्यात सांगतो. जो फटफट आवाज सकाळी थंड इंजिनात येतो व तापल्यावर जातो, तो पुष्कळदा सायलेन्सरच्या वरच्या जोडातून धूर निसटल्याचा असतो. धातु तापून फुगतो आणि फट बुजते. चढावर वरच्या गिअरात, कमी वेगात जोर दिला असता डब्यात खडे हलविल्यासारखा आवाज आला, तर तो पेट्रोल अवेळी भडकल्याचा; तेथे गिअर उतरवावा, हट्ट धरू नये. दवाच्या सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकांस घासल्यासारखे वाजते व मग थांबते, ते ड्रमावर रात्रीत धरलेल्या गंजाचे. त्याची चिंता नको. पुढचा ब्रेक दाबून धरून गाडी पुढेमागे हलविली असता हँडलाच्या मानेत 'टक्' लागले, तर तेथील कोनसेट सैल झाला असे समजावे. गाडीच्या वेगाबरोबर चढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असू शकते. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवावे, डुलले तर ते बेअरिंग फार दिवस साथ देणार नाही. पुढल्या चाकाकडून कुरकुर येत असेल, तर स्पीडोमीटरची केबल हबाकडून सोडवून थोडे चालवून पाहावे. आवाज गेला तर केबल कोरडी पडली आहे. एखाद्या ठराविक रेसलाच झणझण होते, तिच्या खाली नाही व वर नाही, असे असल्यास नंबर प्लेट, मडगार्ड, चेनचे कव्हर यांवर एकेकदा हात ठेवून पाहावा. हात ठेविला की जे गप्प होते तेच बोलत होते. इंजिन चालू असता चेनीजवळ किंवा चाकाजवळ मात्र बोटे कधीही नेऊ नयेत. चेनीत बोट सापडून तुटलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आणि आवाज मिस्त्रीपुढे येतच नसेल तर? मुलाने दोन साध्या गोष्टी सांगितल्या. एक, आवाज आला की थांबून वहीत लिहून ठेवावे : वेळ, वेग, गिअर, रस्ता, मागे कोण, गाडी सुकी की ओली. असे आठदहा वेळा लिहिले की त्यांत सारखे काय आहे ते आपोआप डोळ्यांपुढे येते. दुसरी, हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो. त्यावर आवाज भरून घ्यावा, किंवा मिस्त्रीसच मागे बसवून न्यावे. आम्ही सभांचे, वर्गण्यांचे व भेटींचे कितीतरी तक्ते भरून पाठवितो. या एका गोष्टीकरिता चार ओळी लिहाव्यात हे आम्हांस कधी सुचले नाही.

आता त्या सायंकाळची गोष्ट पुढे चालवितो. मुलाने गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मागचे चाक हाताने फिरविले. आवाज नाही. आमचा जीव खट्टू झाला, परंतु त्याचा झाला नाही. तो म्हणाला, 'स्टँडवर चाक अधांतरी असते. त्याच्यावर भार नाही, मग ते कशाला बोलेल?' गाडी खाली घेतली. इंजिन बंद. पत्नीस बैठकीवर बसविले, आम्हांस हँडल धरून ढकलावयास लाविले, आणि टायरवर खडूने एक पांढरी रेघ ओढून तो स्वतः चाकापाशी कान लावून वाकून चालू लागला. एस.टी.ची वाट पाहणारे लोक आमच्याकडे पाहू लागले. पंधरा पावले गेलो नाही तोच, टक्! आणखी एक फेरा, टक्! पांढरी रेघ खाली येऊन जमिनीस टेकली की टक्!

'इंजिन बंद आहे,' तो म्हणाला, 'म्हणून इंजिन सुटले.' मग त्याने मागच्या ब्रेकाचा नट सैल करून ब्रेक अगदी मोकळा सोडिला व पुन्हा ढकलावयास सांगितले. आवाज तसाच. ब्रेक सुटला. चेनीविषयी तो काही बोलला नाही, आम्हीच विचारले. तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितले की, या चेनीस १०४ कड्या आहेत आणि मागच्या स्प्रॉकेटास ४२ दाते. म्हणजे चेनीची एक कडी फिरून त्याच जागी येण्यास चाकाचे सुमारे अडीच फेरे लागतात. एखादी कडी अडकत असती, तर आवाज दर अडीच फेऱ्यांनी आला असता, आणि खडूची रेघ एकदा खाली तर एकदा वर सापडली असती. येथे तो दर फेऱ्यास, त्याच रेघेवर येत होता. चेन निर्दोष होती.

ते ऐकून आमची पत्नी गाडीवरून खाली उतरली व दुसरीकडे पाहू लागली. आम्हीही पाहिले असते, परंतु गाडी हातात होती.

उरले चाक. टायरात खिळा वा खडा रुतलेला नव्हता. मग त्याने एक लहान पाना घेऊन चाकाच्या तारांवर एकेक करून ठोके दिले. मागच्या चाकात तारा ३६. ताणलेली तार ठोक्यास स्वच्छ वाजते. सैल तार बद्द वाजते. हे काम फार हळू चालले होते आणि आम्ही उगीच मोजीत होतो. ३१ तारा वाजल्या. दोन बद्द होत्या. आणि तीन तारा, चेनीच्या बाजूच्या, डोळ्यांस अगदी धड दिसत होत्या. परंतु त्याने बोटांनी धरून ओढिताच त्या हबापाशी सुटून हाती आल्या. हबाच्या भोकात तार जेथे वाकते तेथेच त्या तुटल्या होत्या. दुसऱ्या तारा त्यांस आडव्या ओलांडून जातात, त्यांच्या आधाराने त्या जागच्या जागी उभ्या होत्या. भार पडला की तुटलेले टोक सरकून हबास लागे, तोच 'टक्'. पावसाने ओले झाले की घर्षण कमी होऊन ते निमूट सरके. एकट्या माणसाच्या भाराने ते सरकत नसे.

आम्ही विचारले, हे असेच राहिले असते तर? तो म्हणाला की, तीन तारांचा भार शेजारच्या तारा उचलतात, मग त्याही एकेक तुटतात. चाक लडबडू लागते. तुटलेली तार आतल्या बाजूने ट्यूबमध्ये घुसू शकते. मागे माणूस बसलेले असता आणि फरशीच्या उतारावर तसे झाले असते, तर काय झाले असते हे त्याने सांगितले नाही, व आम्हीही पुढे विचारले नाही. त्या उतारावरून आम्ही आठवड्यातून दोनदा पत्नीस घेऊन जात होतो.

मग त्याने आणखी एक प्रश्न विचारला, जो आम्हांस नको होता. 'काका, मध्यंतरी गाडीवर जड ओझे नेले होते का?'

आम्ही नाही म्हणणार होतो. खरोखरच आठवत नव्हते. पत्नी म्हणाली, 'कापणीच्या सणाची बाजरी!' चेन बसविल्यानंतरच्याच आठवड्यात वस्तीवरील मंडळीने कापणीच्या सणाकरिता अर्पण केलेली बाजरीची दोन अर्धी पोती, प्रत्येकी ५० किलोची, आम्ही मागे बांधून आणिली होती. आमचे वजन ६५ किलो. गाडीच्या पुस्तिकेत ओझ्याची मर्यादा १३० किलो छापिली आहे. शिवाय फरशीवर पाणी होते म्हणून आम्ही खालच्या दगडगोट्यांतून गाडी घातली व एका खड्ड्यात ती दणकन आपटली. त्या वेळी आम्ही काय केले? गाडी उलटली नाही म्हणून देवाचे आभार मानिले, आणि पुढे चाललो. ते अर्पणाचे धान्य होते. अर्पणाच्या धान्याने तार तुटते हे आमच्या मनात येईल कसे? चेन बसविल्यापासून आवाज लागेपर्यंत दोन गोष्टी घडल्या होत्या. एक दुसऱ्याच्या हातची, एक आमच्या हातची. आम्हांस दुसऱ्याच्या हातची तेवढी आठवली.

नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायात १३ वे वचन आहे, आणि तेथेच खाली १७ वे. दोन्ही आम्हांस पाठ आहेत. वाचकांनी ती आपल्या पुस्तकात काढून पाहावीत. येथे आम्ही ती लिहीत नाही, कारण त्या सायंकाळी ती आम्हांस आठवली तेव्हा आमच्या तोंडून निघाली नाहीत.

फिनहासाच्या बोलण्यात एक गोष्ट आहे, जिच्याकडे आमचे लक्ष यापूर्वी गेले नव्हते. १९ व्या वचनात तो त्या लोकांस म्हणतो की, तुमचा देश तुम्हांस अशुद्ध वाटत असेल तर आमच्याकडे या व आमच्यामध्ये वतन घ्या. म्हणजे तो आरोप घेऊन गेला होता तसाच आपल्या जमिनीतला वाटा देण्याची तयारीही घेऊन गेला होता. दोष निघाला असता तर त्याची झीज आपणही सोसावी, हे त्याने आधीच ठरविले होते. ज्याची अशी तयारी असते त्यास उत्तर ऐकता येते. आम्ही चहाच्या कपावर जो निवाडा केला त्यात आमचे काहीही जाणार नव्हते. जाणार होते ते त्या भगिनीच्या कर्जाचे हप्ते.

मुलाने चाक काढून स्प्रॉकेट उतरविले, तीन नव्या तारा घातल्या, सैल दोन ताणल्या, आणि चाक फिरवून फिरवून त्याचा आऊट काढिला. रात्रीचे साडेआठ झाले. त्याने १८० रुपये मागितले. आम्ही अधिक देऊ लागलो ते त्याने घेतले नाहीत. 'काम झाले तेवढेच द्या,' तो म्हणाला. आणि हे थोडे कठोरपणे म्हणाला, हेही आम्ही नमूद करतो. त्यास तो अधिकार होता.

दुसऱ्या दिवशी उपासनेत आम्ही यहोशवाचा अध्याय वाचला, आणि विवरण करण्याऐवजी वर लिहिलेली हकीकत, बाजरीच्या पोत्यांसह, उभे राहून सांगितली. मग ज्या ओट्यावर चहा होतो तेथेही ती पुन्हा सांगितली. कारण दोषाचा शब्द आम्ही वेदीजवळ उच्चारला नव्हता, तेथे उच्चारला होता. मुलगा उपासनेस आला नव्हता. त्याची आई मागल्या रांगेत होती. तिने डोळ्यांस पदर लाविला नाही की काही बोलली नाही. उपासना सुटल्यावर नेहमीप्रमाणे चटया गोळा करू लागली.

सांगितल्याने सर्व पूर्ववत् झाले असे लिहिणे खोटे होईल. पाचसहा घरांपैकी चार घरांच्या गाड्या त्या शेडीवर परत येऊ लागल्या. एक कुटुंब अजून तालुक्यालाच जाते. त्यांस आता तोच मिस्त्री सोयीचा झाला आहे, आणि त्यांस आम्ही काय म्हणणार? कर्जाचे दोन हप्ते त्या काळात थकले होते, ते भगिनीने शेळी विकून भरिले. हे आम्हांस फार उशिरा, दुसऱ्याच्या तोंडून कळले.

नव्या तारा काही दिवसांत बसतात व किंचित सैल पडतात, म्हणून सुमारे २०० किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा आणा, असे मुलाने सांगितले होते. आम्ही गेलो. त्याने पाना घेतला आणि पहिल्या तारेपासून ठोके द्यावयास लागला. सतराव्या तारेपाशी थांबून तो म्हणाला, 'काका, ही तुम्ही सांगा. बद्द आहे की खणखणीत?' आम्ही कान लाविला व म्हणालो, 'खणखणीत.' त्याने पुन्हा ठोका दिला व म्हणाला, 'नीट ऐका.' आम्ही पुन्हा ऐकले. बद्द होती.